आंबट कधी घालायचं

आंबट आधी पडतं की नंतर, एवढ्यावरून बाई कुठल्या स्वयंपाकघरात वाढली ते ओळखता येतं. आमच्या साताऱ्याकडच्या घरात चिंच डाळ गळून गेल्यावरच पातेल्यात पडते, आणि तिच्याबरोबर गुळाचा खडा असतोच. डाळ कच्ची असताना चिंच घातली, तर मग ती तासभर चुलीवर राहू दे, दाणा न् दाणा टचटचीत राहतो. हे आईने कधी समजावून सांगितलं नाही. तिच्या हाताच्या क्रमातच ते होतं, आणि तो क्रम माझ्या हातात आपोआप उतरला. लग्न होऊन कोपरीत आले तेव्हा जगात आंबटाचा दुसरा काही क्रम असेल, असं मनातही आलं नव्हतं.

कोपरी म्हणजे ठाणे स्टेशनाची पूर्व बाजू. पश्चिमेला उतरलेल्या माणसाला तलावपाळी दिसते, नौपाडा दिसतो, ज्याला सगळे ठाणे म्हणतात ते ठाणे दिसतं. पूर्वेला उतरलं की रस्ते खाडीकडे जातात. मीठबंदर रोड हे नाव अजून पाटीवर आहे. चेंदणीचा कोळीवाडा रुळांच्या दोन्ही अंगांना आहे, कारण रूळ नंतर आले आणि वस्ती आधीची. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी इथपर्यंत आली, तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडलेली होती. त्यातलं 'सिंध' हे नाव वाचलं की मी दर वेळी थांबते. कारण पुढे शंभर वर्षं पुरी व्हायच्या आत खरोखरच्या सिंधमधली माणसं बोचकी घेऊन याच परिसरात उतरली. फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबईला, तिथून कल्याणच्या लष्करी छावणीत. त्या छावणीचं 1949 मध्ये उल्हासनगर झालं. काही कुटुंबं ठाण्याला आली आणि कोपरीत सिंधी वस्ती उभी राहिली. एका बाजूला कोळी, एका बाजूला सिंधी, आणि मधल्या चाळींतून, इमारतींतून आमच्यासारखे घाटावरचे, कोकणातले, नोकरीपायी आलेले. रविवारी अकराच्या सुमाराला कोपरीतून चालत गेलं की नाकाला वस्त्यांच्या सीमा बरोबर कळतात. एका गल्लीत बेसन भाजल्याचा खमंग वास असतो, दुसरीत सालासकट चेचलेल्या लसणीचा. आणि दोन्ही गल्ल्यांत थोड्याच वेळात आंबट उकळणार असतं.

सिंधी कढी मी आमच्या मजल्यावरच्या अम्मांकडे पाहिली. अम्मा म्हणजे शेजारच्या भाभींच्या सासूबाई, कराची सोडली तेव्हा परकर नेसणारी पोर. 'कढी' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ताक आलं होतं. इथे ताकाचा थेंब नाही. जाड बुडाच्या पातेल्यात आपल्या हाताला सढळ वाटेल इतकं तेल, त्यात मेथीदाणे, जिरं, हिंग, कढीपत्ता, आणि मग बेसन. बेसन मंद आचेवर परतत राहायचं. पिवळा रंग टाकून ते बदामी होतं, तेल सुटतं, आणि कच्चा वास जाऊन भाजल्या चण्याचा वास येतो. ही वेळ चुकवून चालत नाही. अम्मा तिथे बोलत नाहीत. पुढे पाणी घालताना त्या पाऊल मागे घेतात, कारण पातेलं एकदम फसफसून वर येतं. मग हळद, तिखट, आलं, हिरवी मिरची, आणि उकळी. ही उकळी लांबलचक असते. बेसन आणि पाणी एकजीव होऊन रस्सा दाट, गुळगुळीत होईपर्यंत भाजीला हात लावायचा नाही. नंतर बटाटा, गवार, शेवग्याच्या शेंगा, गाजर, कधी फ्लॉवरचे तुरे, ज्याला जितकं शिजायला लागतं त्या बेताने एकेक. भेंडी मात्र चिरा देऊन वेगळी तळून ठेवलेली, ती शेवटाकडे. आणि सगळ्यात शेवटी, शेंग बोटाने दाबून पाहिल्यावर, चिंचेचा कोळ किंवा कोकम.

"खटाई लास्ट में," अम्मा म्हणाल्या. "पहले डालोगी तो आलू पत्थर।"

हे वाक्य ऐकून मला आईच आठवली. एक बाई साताऱ्याची, एक कराचीची, आणि दोघींच्या हातांना एकच गोष्ट माहीत. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं जे पेक्टिन असतं ते आंबटात सहजी विरघळत नाही, म्हणून आंबट पाण्यात बटाटा मऊ पडत नाही, डाळ फुटत नाही. शाळेतल्या रसायनशास्त्राच्या बाईंनी हे सांगितलं असतं तर मला ते जन्मभर लक्षात राहिलं असतं, कारण मी ते आधीच रोज पाहत होते.

अम्मांकडे ही कढी रविवारी भाताबरोबर. सोबत आलू टुक, म्हणजे बटाट्याच्या जाड फोडी एकदा तळायच्या, तळहाताने चेपायच्या, पुन्हा कुरकुरीत तळून वर तिखट, धनेपूड, आमचूर भुरभुरायचं. आणि पानात एका कडेला गोड बुंदी. पहिल्यांदा मला बुंदी कढीशेजारी पाहून नवल वाटलं. मग कळलं की आमच्या आमटीत जो गुळाचा खडा पडतो तोच इथे पातेल्याबाहेर, पानात येऊन बसला आहे. ज्याला हवा त्याने घासागणिक घ्यावा. पातेल्यातली कढी मात्र निर्भेळ आंबट. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. आंबटात गूळ घालून आम्ही त्याची धार आधीच बोथट करून टाकतो, आणि पुढे हॉटेलवाल्यांनी तर ती पार घालवली. त्यांच्या 'सिंधी कढी'त आता साखर असते, टोमॅटोची प्युरी असते, चिंच नावालाही नसते. टोमॅटोचा आंबटपणा भित्रा आहे. उकळला की गोडाकडे झुकतो. चिंच उकळत राहिली तरी आपलं म्हणणं सोडत नाही.

अम्मांची एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. कल्याणच्या छावणीत त्यांच्या आईने केलेली पहिली कढी त्यांना आठवते. तिच्यात बटाटा होता आणि बाकी काही नव्हतं. बेसन थोडं, पाणी जास्त, माणसं त्याहून जास्त. पण चिंच होती, आणि आंबट बरोबर लागलं होतं, म्हणून ती कढी कढीच होती. त्यांच्या आईने त्या दिवशी मुलांना काय सांगितलं, कराचीचं घर कसं सुटलं, ह्यातलं अम्मा फारसं बोलत नाहीत. कढीत बटाटा होता, हे मात्र दर वेळी सांगतात. पुढे एकेक भाजी परत आली. गवार आली, भेंडी आली, तळायला पुरेल इतकं तेल आलं. घराची स्थिती कढीत मोजता येत होती, असं त्यांचं म्हणणं. आज त्यांच्या पातेल्यात सात-आठ भाज्या असतात, आणि वाढताना त्या प्रत्येकाच्या वाटीत प्रत्येक भाजीचा तुकडा आला की नाही, हे डाव थांबवून पाहतात.

आता कोळीवाड्याकडे. तिथला क्रम नेमका उलटा.

कोपरी मार्केटात जिच्याकडून मी मासळी घेते त्या मावशींनी मला आंबट, म्हणजे तिथला मासळीचा आंबट रस्सा, शिकवलं, तेही बोंबील साफ करता करता, कोयत्यावरचं लक्ष न ढळू देता. तेल तापवायचं, सालासकट ठेचलेला भरपूर लसूण टाकायचा, तो तांबूस झाला की हळद आणि घरचा मसाला. हा मसाला उन्हाळ्यात वर्षाचा एकदम होतो, आणि प्रत्येक घराचा लाल रंग वेगळा असतो. त्यावर चिंचेचा पातळ कोळ. नारळ नाही, कांद्याचं वाटण नाही. आणि मग मावशींनी जे सांगितलं त्यावर मी चकित झाले.

"आधी कोल उकलू दे, मंग म्हावरा टाक. आन् चमचा नको घालू, टोप हलव."

म्हणजे आंबट आधी, जीव नंतर. घरी करून पाहिलं तेव्हा त्यामागचं शहाणपण समजलं. ओला बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच, हातात धरला तर निसटतो. साध्या रश्श्यात टाकला तर त्याचं पिठलं होतं, काटा तेवढा हाती लागतो. उकळत्या आंबटात पडला की त्याचं अंग आवळतं, तो आकार धरतो, आणि चार-पाच मिनिटांत उतरवला तर पानात अख्खा येतो. दुसरी गोष्ट वासाची. मासळीचा जो वास अनेकांना सोसत नाही तो अमाइन नावाच्या संयुगांचा. आंबटाने ती बांधली जातात, वाफेबरोबर उडून नाकात येत नाहीत. भाजीला आंबटाने अडतं, माशाला आंबटाने सावरतं. एकच चिंच, एकच आच. कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर, एवढाच सगळा स्वयंपाक आहे.

ओल्या मासळीच्या आंबटात भाजी सहसा नसते. भाजी येते पावसाळ्यात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या ओढून ठेवलेल्या असतात, आणि घरात असतं उन्हाळ्यात वाळवलेलं. जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगलेले, कडकडीत वाळलेले बोंबील, सुकट, करंदी, आणि डब्याच्या तळाशी पाहुण्यांसाठी राखलेले सोडे. सोडे मटणापेक्षा महाग, त्यांना हात लावायला कारण लागतं. बाजारात वांगी, शेवग्याच्या शेंगा, बटाटा मिळतो. आणि उन्हाळ्यात कैरी चिरून वाळवलेली आंबोशी डब्यात असते. मग हे सगळं एका टोपात जातं. सुके बोंबील तव्यावर किंचित भाजून, तुकडे करून, गरम पाण्यात भिजवलेले. बटाटा-वांगं आधी शिजतं, कारण इथे भाजीचा कायदा लागू होतो. मग आंबोशी किंवा चिंच. आणि बोंबील त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी, कारण वाळलेल्याला शिजायलाही वेळ हवा आणि आंबटही मुरायला हवं. हे मधलं 'कुठेतरी' सांगता येत नाही. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, वास बदलला की. कशाचा वास कशात बदलतो ते त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत मला ते कळायला लागलं होतं. वांग्याचा कच्चट वास जातो आणि टोपातून काहीच वास येत नाही असा एक क्षण असतो, तेव्हा.

नारळ नसल्यामुळे हे आंबट दुसऱ्या दिवशीही खराब होत नाही, उलट जास्त चांगलं लागतं. तांदळाची भाकरी शिळी असली तर तिच्यासाठी हाच रस्सा. गरम करताना कोळीवाड्यात कुणी पाणी वाढवत नाही. आटू देतात, आणि टोपाच्या कडेला जो लालभडक थर बसतो तो भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतात. मला विचाराल तर या सगळ्या पदार्थाचं सार त्या थरात आहे.

आंबटाचा हा क्रम मला पार दूरही भेटला. युरोपात, ऑस्ट्रियाच्या खाली स्लोव्हेनिया नावाचा देश आहे. त्याच्या ईशान्येचा श्टायेर्स्का प्रांत म्हणजे मारिबोर, प्तुय ही गावं, द्राक्षांचे मळे, बर्फाचा हिवाळा. तिथे 'किस्ला युहा' नावाचं आंबट सूप करतात, आणि त्याची कृती वाचताना मला सारखा कोपरीचा रविवार दिसत होता. हिवाळ्यात खेड्यातल्या घरी डुक्कर कापतात. तो दिवसच असतो, शेजारीपाजारी मदतीला येतात, अंगणात आधण ठेवलेलं असतं. मांडीचं, पाठीचं चांगलं मांस धुरावर टांगलं जातं, सॉसेजं भरली जातात, काही मांस शिजवून बारीक केलेल्या चरबीत पुरून ठेवतात, ते महिनोन् महिने टिकतं. टिकत नाही ते डोकं, पाय, शेपूट, खुब्याजवळची हाडं. त्यांचं सूप होतं. पाय आणि डोक्याचे तुकडे गाजर, अजमोद्याचं मूळ, सेलरीचा कंद, कांदा, लसूण, तमालपत्र, मिरे यांच्याबरोबर दोन-अडीच तास मंद शिजतात, हाडांवरचा चिकटा पाण्यात उतरतो. मांस सोडवून बारीक करून परत सूपात टाकायचं. बटाट्याच्या फोडी घालायच्या, मार्जोरमची पानं चुरडायची. बटाटा शिजला की आंबट साय पिठात कालवून, गुठळी न होऊ देता ओतायची, आणि अगदी शेवटी व्हिनेगर.

शेवटी! मी ती ओळ दोनदा वाचली. तिथल्या बाईलाही माहीत आहे की आधी घातलं तर बटाटा दगड.

हे सूप खेड्यातल्या लग्नात उत्तररात्री येतं. नाचून, पिऊन, थकून लोक टेकले की वाफाळते वाडगे फिरतात. 31 डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतरही तेच. आंबट आणि गरम पोटात गेलं की माणूस ताळ्यावर येतो, असा तिथला विश्वास, आणि तो आपल्यालाही परका नाही. मला त्यात आणखी एक गोष्ट भावते. डोकं, पाय, शेपूट हे इतर वेळी ज्याचं नाव काढत नाहीत ते, आणि लग्नाच्या रात्री सगळ्यांच्या वाडग्यात तेच. गोव्यात आणि आपल्या ईस्ट इंडियन घरांत नाताळाला सोरपोटेल होतं, त्यातही डुकराचं काळीज आणि इतर आतलं मांस, आणि त्याला ताडीचा शिरका. दोन-तीन दिवस मुरल्याशिवाय ते पानात येत नाही. फिलिपिन्समधलं सिनिगांग तर सिंधी कढीच्या आणि कोळी आंबटाच्या मधोमध उभं आहे. डुकराचं मांस किंवा मासा, चिंच, आणि भेंडी, मुळा, शेंगा, पालेभाजी. चिंच तिथेही मिळते म्हणून चिंच, श्टायेर्स्कात मिळत नाही म्हणून द्राक्षांच्या नाहीतर सफरचंदांच्या रसाचं व्हिनेगर. गरीब घरातल्या बायकांनी जगभर एकच शोध लावलेला आहे असं मला वाटतं. जे मऊ नाही, जे दिसायला देखणं नाही, ज्याला वास आहे, ज्याचा बराचसा भाग हाड किंवा दोर आहे, ते आंबटाच्या रश्श्यात आणलं की पाहुण्यासमोर ठेवता येतं. शेवग्याची शेंग घ्या. तिचा निम्मा भाग चावून टाकायचा. पण आंबट रस्सा चोखून घेतलेली शेंग जो टाकतो त्याचं तोंड बघा, त्याला काही कमी पडलं असं दिसत नाही.

श्टायेर्स्का आणि कोपरी यांच्यात एक मोठा फरकही आहे, आणि तो मला विचार करण्यासारखा वाटतो. तिथे चांगलं ते टिकवतात आणि न टिकणारं त्याच दिवशी आंबट सूपात घालून संपवतात. सूप म्हणजे भरल्या दिवसाचं जेवण. कोळीवाड्यात भरल्या दिवसांत वाळवून ठेवतात आणि ते वाळवलेलं रिकाम्या दिवसांत आंबटात जातं. इथलं आंबट समुद्र बंद असतानाचं जेवण. तिथला आनंद मोठ्या आवाजाचा, लग्नाचा. इथला समाधानाचा असतो. बाहेर पाऊस धो धो पडतो आहे, होडी किनाऱ्यावर आहे, घरात कमाई नाही, आणि तरी टोपात मासळी आहे. मे महिन्यात उन्हात उभं राहून बोंबील पालटणाऱ्या हातांनी हे जुलैतलं जेवण केलेलं असतं. पावसात टोपाचं झाकण उघडणाऱ्याने त्या उन्हाचीही आठवण ठेवावी.

ती आठवण ठेवणं आता अवघड होत चाललं आहे, आणि याबद्दल मला राग आहे. जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत, आणि त्यांच्या बैठकांत सुक्या मासळीच्या वासावर तक्रारी येतात. एका बैठकीला मीही होते. बोंबील भाजताना खिडक्या लावून घ्याव्यात, असा ठराव करायचा कुणीतरी आग्रह धरला. तेव्हा अम्मा, ज्या सोमवारी अंडंही घरात आणत नाहीत, उठून म्हणाल्या की मी इथे आले तेव्हा माझ्या बेसनाच्या वासावर कोळणींनी ठराव केला नव्हता. पुढे तो विषय निघाला नाही. पण सगळ्या इमारतींत अम्मा नाहीत.

आणि खाडी. ठाण्याच्या खाडीच्या चिखलात निवट्या मिळायच्या. चिखलावर उड्या मारणारी, फुगीर डोळ्यांची, बोटाएवढी मासळी. निवट्यांचं आंबट हे या खाडीकाठचं खास जेवण. कैरीच्या दिवसांत निवट्या आणि कैरी, एवढ्यावर मावशींचे डोळे अजून चमकतात. आता बाजारात त्या आल्या तर दिवस साजरा करावा अशी गत. शहराचं सांडपाणी, कारखान्यांची घाण, भराव, प्लास्टिक हे सगळं खाडीत गेलं. 2015 मध्ये खाडीचा एक भाग रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर झाला, 2022 मध्ये खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. हे चांगलंच झालं. हिवाळ्यात ऐरोलीच्या बाजूने गुलाबी थवे पाहायला माणसं कॅमेरे घेऊन येतात, मीही जाते. पण रोहित ज्या चिखलात चोच घालून जगतो त्याच चिखलात पाय घालून कोळणी जगत आल्या आहेत. पक्ष्याचं जेवण जपायचं ठरलं आहे, तर त्याच पाण्यातलं माणसांचं जेवणही कुणाच्या तरी यादीत असायला हवं. पाणी स्वच्छ झालं तर दोघांचं साधेल. दुसरा कुठला मार्ग मला दिसत नाही.

चिंचेचंही तसंच. पूर्वी मीठ लावून गोळे करून बरणीत भरलेली, चिंचोके-शिरांसकट काळी जुनी चिंच घराघरांत असायची. ती भिजत घालायची, कुस्करायची, चोथा पिळून टाकायचा. आता डबीतला लगदा मिळतो, चमच्याने घ्यायचा. मी त्याला नावं ठेवत नाही, सकाळी सातची लोकल पकडणाऱ्या बाईने चिंच कुस्करत बसावं असा आग्रह कुणी धरू नये. एवढंच सांगते की त्या लगद्याच्या आंबटाला चव एकच असते. जुन्या चिंचेत आंबटामागे किंचित तुरट, आणि त्याच्याही मागे मनुक्यासारखं गोड लागतं. कोळीवाड्यातल्या आंबटात गूळ का लागत नाही, ते जुनी चिंच वापरली तरच कळतं.

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक संसार आहे. मुलगा सिंधी, मुलगी चेंदणीच्या कोळीवाड्यातली. दोन्ही घरांनी सुरुवातीला जे बोलायचं ते बोलून घेतलं, आता नातू झाला आहे आणि दोन्ही आज्या रविवारी त्याच्यासाठी एकाच घरात असतात. त्या घरात एक पातेलं शिजतं, त्याला अजून नाव मिळालेलं नाही. बेसन अम्मांच्या पद्धतीने बदामी होईपर्यंत भाजलेलं, पण फोडणीत मेथीदाण्यांबरोबर सालासकट लसूण. शेंगा, बटाटा, वांगं. आणि रात्रभर नव्हे, तासभर भिजवलेले, दोऱ्या काढलेले सोडे. पहिल्यांदा झालं तेव्हा मी तिथे होते, कारण शेंगा निवडून द्यायला मला बोलावलं होतं. रस्सा उकळायला लागला, शेंगा पडल्या, आणि कोकमाची वाटी हातात घेऊन सूनबाई थांबली.

"आता घाल," तिची आई म्हणाली. "सोड्यात आंबट मुरायला नको?"

"अरे नहीं," सासूबाई म्हणाल्या. "आलू कच्चा है."

सूनबाईने दोघींकडे पाहिलं. वाटीतली निम्मी कोकमं काढून वेगळ्या भांड्यात कोमट पाण्यात घातली, त्यात सोडे बुडवून ठेवले, आणि पातेलं झाकलं. बटाटा शिजल्यावर सोडे त्यांच्या आंबट पाण्यासकट आत गेले, उरलेली कोकमं अगदी शेवटी. दोन्ही आज्यांनी चव घेतली. एकीला मीठ कमी वाटलं, दुसरीला तिखट जास्त. आंबटाबद्दल कुणी काही बोललं नाही.

नातवाने सोडे बाजूला काढले आणि शेंगा खाल्ल्या. सासूबाईंचा त्या दिवसापासून दावा आहे की पोरगा सिंधी आहे. मुलीची आई म्हणते, अजून दात आले नाहीत नीट, येऊ देत. येत्या पावसाळ्यात सोड्यांऐवजी सुके बोंबील घालून पाहायचं ठरलं आहे, आणि अडचण अशी की बोंबलाला सोड्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे निम्मी कोकमं किती आधी, यावर तळमजल्यावर आत्तापासून वाद सुरू आहे. माझ्या मते वांग्याच्या नंतर आणि बटाट्याच्या थोडं आधी. पण मी साताऱ्याची, माझं कोण ऐकतं म्हणून गप्प बसणार नाही. आंबोशीचा डबा माझ्याकडे आहे.